बेंबी टोचायला किती पडतात

मंगळवार, १२ सप्टेंबर. सकाळी नळाला बारीक धार; बादली भरायला अकरा मिनिटं. का. बा. आठ पन्नासला आली. बँकेत गेले, पंचवीस मिनिटं रांगेत उभी. बाथरूमचा बल्ब बदलला. मिठाची बरणी पुन्हा तळाला. मागची पिशवी २९ ऑगस्टला फोडली होती. नात साडेपाचला आली. जेवताना विचारलं, बेंबी टोचायला किती पडत असतील. मी पाणी प्यायले. उत्तर दिलं नाही.

एवढं लिहून सिस्टरबाईंनी पेनाला टोपण लावलं आणि वही मिटली. मग पुन्हा उघडली, शेवटची ओळ वाचली, ती खरी आहे याची खात्री केली आणि पुन्हा मिटली.

खरं तर त्या ना नन होत्या ना परिचारिका. एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात वाफेने अवजारं निर्जंतुक करण्याची खोली होती. तिथे त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. कात्र्या, चिमटे, सुया, गुंडाळलेल्या कापडी घड्या, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं आणि मगच वर ऑपरेशनच्या टेबलावर पोचायचं. पांढरा कोट दिसला की लोक 'सिस्टर' म्हणतात. पहिल्या वर्षी त्यांनी प्रत्येकाची चूक दुरुस्त केली, दुसऱ्या वर्षी दमल्या. आता निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, तरी इमारतीत सगळ्यांच्या त्या सिस्टरच होत्या.

रोजनिशीची सवय त्याआधीची. कॉन्व्हेंटच्या शाळेत अकराव्या वर्षी एका म्हाताऱ्या ननने प्रत्येकीच्या हातात वही दिली होती आणि बजावलं होतं, "आज काय झालं तेवढं लिहायचं. काय वाटलं ते देवाला सांगायचं, तो वही वाचत बसत नाही." बाकीच्या मुलींच्या वह्या पावसाळ्याआधी संपल्या. हिची त्रेसष्ट वर्षं चालूच होती. लग्नाच्या दिवशी हिने लिहिलं होतं, 'मांडवात पंखा बंद पडला.' नवरा गेला त्या दिवशी, 'सकाळी सहा दहा. डॉक्टर पावणेसातला आले.' त्यात एकही अश्रू नव्हता. पण ती वही उघडली की सहा दहा आणि पावणेसातच्या मधली पस्तीस मिनिटं अजून अंगावर येत.

आणि संशय? तो तर त्यांचा पगारी धंदा होता. वाफेच्या खोलीचा नियमच तसा: समोर आलेलं अवजार कितीही चकचकीत असो, स्वच्छ असल्याचा पुरावा मिळेपर्यंत ते घाणच समजायचं. हा नियम चौतीस वर्षं पाळला की माणसांनाही लागू होतो. नवरा जिवंत असताना पाहुण्यांना सांगायचा, "हिला देव जरी भेटला ना, तरी ही आधी विचारेल, हात धुतलेस का?"

तर मंगळवारी जेवताना नातीने तो प्रश्न टाकला. नात म्हणजे मुलाची मुलगी, एकोणीस पूर्ण. आईवडील दुसऱ्या शहरात, कॉलेज इथे, म्हणून दोन वर्षांपासून आजीकडे.

"कोणाची बेंबी?" सिस्टरबाईंनी पाणी पिऊन झाल्यावर विचारलं.

"अगं, असंच. मैत्रिणीची."

"बेंबी मैत्रिणीची आणि चौकशी तुला?"

"ती म्हणत होती, एका ठिकाणी पाचशे आणि एका ठिकाणी साडेतीन हजार. एवढा फरक कसा असतो गं? भोक तर तेवढंच पडणार."

"तिच्या आईला विचार म्हणावं."

"आईला विचारण्यासारखं असतं तर तुला कशाला विचारलं असतं?" असं म्हणून ती ताट घेऊन उठली, आणि उठताना तिचा एक हात पोटावर गेला. सिस्टरबाईंना तो हात दिसला. जेवण जास्त झालं असेल, त्यांना वाटलं. शिवाय त्या वेळी त्यांचं लक्ष बरणीवर होतं.

बरणीचं प्रकरण आठवडाभर डोक्यात घोळत होतं. दोन माणसांच्या घरात एक किलो मीठ दोन महिने पुरावं, इतका साधा हिशेब. इथे दोन आठवड्यांत फडशा. औषधांच्या डब्यातली जखमेवरच्या जाळीच्या पट्ट्यांची गुंडाळीही अर्ध्यावर आली होती, आणि सिस्टरबाईंचा स्वतःचा हात या वर्षात एकदाही कापला नव्हता. शिवाय लहान पातेलं. रोज सकाळी त्या पातेल्याच्या आतल्या कडेला पांढरी रेघ दिसायची, खार धरल्यासारखी, जणू भांडं नुसतं पाण्याखाली फिरवून उपडं घातलंय. तीनदा त्यांनी बाईंना ते पातेलं परत घासायला लावलं होतं. बाईंनी तिन्ही वेळा काही न बोलता घासलं होतं. त्या गप्प राहण्यातच सिस्टरबाईंच्या मनात पाल चुकचुकली. ज्याचं चुकत नाही तो बोलतो, असं त्यांचं मत होतं.

बाई म्हणजे का. बा., म्हणजेच कामवाली बाई. नात त्यांना मावशी म्हणायची. अकरा वर्षं रोज आठ पन्नासला यायच्या. सव्वानऊला आल्या तर सिस्टरबाई कारण लिहून ठेवत, आणि अकरा वर्षांत अशी कारणं सव्वीस झाली होती. भांडी, केर, फरशी. याच जिन्यात आणखी तीन घरं त्यांच्याकडे होती. घराची एक किल्ली त्यांच्या जुडग्यात होती. सिस्टरबाईंनी त्यांना कधी 'अगं' म्हटलं नव्हतं, 'तुम्ही' सोडलं नव्हतं. आणि कधी खुर्चीवर बसाही म्हटलं नव्हतं. हे मात्र त्यांच्या लक्षात आलेलं नव्हतं.

बुधवारी सकाळी सिस्टरबाईंनी नवी पिशवी फोडून बरणी भरली आणि बाहेरून, मिठाच्या बरोबर पातळीवर, काळ्या शाईने बारीक रेघ मारली. ही इस्पितळातली युक्ती. तिथे स्पिरिटच्या बाटल्यांवर त्या अशीच रेघ मारायच्या आणि त्या रेघेने एकदा एका वॉर्डबॉयची नोकरी घेतली होती. बाटली खोटं बोलत नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य होतं.

त्याच दुपारी जिन्यात तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण भेटली. हिच्याकडेही त्याच बाई. शेजारणीने विचारलं, "काय सिस्टर, चेहरा असा का?" आणि सिस्टरबाईंच्या तोंडून निघून गेलं, "काही नाही. जिन्नस कुठे जातात ते बघतेय. तुम्हीही जरा लक्ष ठेवा."

"म्हणजे? बाई?"

"मी नाव घेतलं नाही."

"नाव घ्यायला कशाला हवं," शेजारीण म्हणाली आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली.

गुरुवारी सकाळी रेघेपासून मीठ दोन बोटं खाली होतं.

बाई फरशी संपवून हात पुसत होत्या तेव्हा सिस्टरबाईंनी बरणी जेवणाच्या टेबलावर आणून ठेवली. नात तिच्या खोलीत होती. दार लोटलेलं, दाराखालून दिव्याचा उजेड.

"बाई, जरा इकडे या. ही रेघ दिसते?"

"दिसते."

"ही मी काल सकाळी मारली. आज मीठ कुठे आहे?"

बाईंनी वाकून पाहिलं. "दोन बोटं खाली."

"स्वयंपाक मी करते. मी किती घालते ते मला माहीत आहे."

"मग?"

"मग तुम्हीच सांगा."

बाई सरळ उभ्या राहिल्या. हसल्यासारखं तोंड झालं, पण हसू पुरतं आलं नाही. "सिस्टर, मीठ? चोरायचंच झालं तर तुमच्या कपाटात चांदीचे बारा चमचे आहेत. अकरा वर्षं मीच पुसते. मोजलेत कधी?"

सिस्टरबाई दर महिन्याला मोजत होत्या. बारा भरत होते. त्या म्हणाल्या, "मी चोरी हा शब्द काढला नाही."

"शब्द काढला नाहीत. रेघ मारलीत."

"पट्ट्याही अर्ध्या झाल्यात. रोज पातेलं तसंच असतं. मी कोणाला विचारू?"

"आधी घरात विचारायचं," बाई म्हणाल्या, आणि त्यांची नजर क्षणभर त्या लोटलेल्या दाराकडे गेली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा."

"घरात मी आहे आणि पोर आहे. पोर काय मीठ खाते बकाबका?"

बाई टेबलापासून मागे झाल्या. जुडगं काढून किल्ली सोडवायला लागल्या. कडी घट्ट झाली होती, किल्ली निघेना. नखाने, मग दाताने, मग पुन्हा नखाने. बराच वेळ लागला. सिस्टरबाई समोर उभ्या होत्या, त्यांनी हात पुढे केला नाही. शेवटी किल्ली निघाली. बाईंनी ती बरणीच्या झाकणावर ठेवली.

"याच जिन्यावर माझी चार घरं आहेत," त्या म्हणाल्या. "एका दारात नाव गेलं की वरखाली सगळीकडे जातं. एवढं फक्त तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते." आणि गेल्या.

पाच मिनिटांनी नात बाहेर आली. अंगात आजोबांचा जुना सैल शर्ट. गेले तीन आठवडे ती हाच नाहीतर असलाच काहीतरी तंबूसारखा कपडा घालत होती.

"मावशी गेल्या?"

"गेल्या."

"उद्या येतील ना?"

"पकडलेला माणूस परत येत नाही."

पोरीने बरणीवरच्या किल्लीकडे पाहिलं आणि पायात चपला सरकवल्या. "मला उशीर होतोय," म्हणाली आणि दार ओढून गेली. तिला गुरुवारी पहिला तास नसतो, हे सिस्टरबाईंना तोंडपाठ होतं. त्यांनी संध्याकाळी वहीत लिहिलं, 'का. बा. स्वतःहून गेली. किल्ली मिळाली.' आणि पुढे, त्रेसष्ट वर्षांत पहिल्यांदा, न घडलेली एक गोष्ट लिहिली: 'नातीचं काहीतरी लपवणं चालू आहे. टोचून घेणार बहुतेक.'

शुक्रवारी केर काढताना त्यांना नातीच्या पुस्तकात खूण म्हणून घातलेलं एक कार्ड मिळालं. काळ्या कार्डावर चंदेरी अक्षरात पत्ता आणि मागे पेनने लिहिलेलं: ३५००. मैत्रीण-बित्रीण काही नाही, त्यांनी ताडलं. ही शनिवारी-रविवारी जाणार. पोरीच्या पोटात परक्या माणसाची सुई जाणार, आणि ती सुई कोणी कशी उकळली हे कोणालाच माहीत नाही. अडवली तर ही पाचशेवाल्याकडे जाईल, तेही गुपचूप. त्यापेक्षा आपणच आधी जाऊन बघावं. सोनारानेच कान टोचावे, असं म्हणतात. बेंबीसाठी कोणाकडे जावं, ते म्हणीत सांगितलेलं नाही.

दुकान चष्म्यांच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर होतं. आत फरशी पांढरी, भिंती पांढऱ्या, खुर्ची दंतवैद्याकडे असते तशी. आतून एक टक्कल केलेला, पन्नाशीचा माणूस काळा एप्रन बांधत आला. सिस्टरबाईंनी आधी त्याचे कान पाहिले, मग नाक, मग भुवया. एकही भोक नव्हतं. त्यांना ते मुळीच आवडलं नाही. स्वतःच्या हातचं स्वतः न खाणारा आचारी!

"या आजी. काय हवंय?"

"बेंबी टोचायला किती घेता?"

त्याने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "तुमची?"

"माझी टोचून कोणाला दाखवू?"

"असं नका म्हणू. मागच्याच महिन्यात एकसष्ट वर्षांच्या बाई येऊन गेल्या. नवऱ्याला सांगितलं नव्हतं म्हणे."

"किती?"

"साडेतीन हजार. त्यात सुई आली, दागिना आला, महिन्याने एकदा मी बघतो तेही आलं."

"बाजारात पाचशेला करतात."

"करतात ना. मग त्याच मुली माझ्याकडे येतात, ते निस्तरायला. त्याचे मी वेगळे घेतो."

"म्हणजे दोन्हीकडून तुमचंच भलं."

"आजी, तुम्ही पोलिसात होतात का?"

"मला तुमचं वाफेचं यंत्र बघायचंय."

तो हसला, पण त्याने दाखवलं. मागच्या खोलीत लहानसा ऑटोक्लेव्ह, शेजारी कागदी पाकिटं. सिस्टरबाईंनी एक पाकीट उचलून उजेडात धरलं. वाफ पोचली की कडेची पट्टी रंग बदलते, बदलली होती. पाठीमागे तारीख होती. झाकणाच्या रबरावर बोट फिरवून पाहिलं, चिकट नव्हतं. 

"यंत्राची चाचणी कधी लावता?"

"दर सोमवारी."

"मी रोज लावायचे. चौतीस वर्षं."

त्या माणसाने खुर्ची पुढे ओढली. "मग बसा ना, सिस्टर."

आता संशय घ्यायला काही उरलं नाही, याचंच सिस्टरबाईंना थोडं वाईट वाटलं. त्यांनी पिशवीतून छोटी वही काढली. "टोचल्यावर काय काय करावं लागतं ते सांगा. सावकाश. मी लिहून घेते."

"टोचायला दहा मिनिटं, सांभाळायला सहा महिने ते वर्ष," तो म्हणाला. "लिहा. सैल कपडे. कमरेला घट्ट काही नको. पालथं झोपायचं नाही. दिवसातून दोनदा, उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ घालून शेक."

सिस्टरबाईंचं पेन चालत होतं.

"मीठ पेलाभर पाण्याला पाव चमचा. हे खाली रेघ मारून लिहा. मुलींना वाटतं जास्त घातलं की लवकर बरं होतं. मूठ मूठ घालतात आणि कातडी भाजून घेतात. मग स्वच्छ जाळीच्या पट्टीने टिपायचं. कापूस नको, तंतू अडकतात."

पेन थांबलं.

"लिहिलंत? आणि लाल झालं, पू आला, तर दागिना स्वतः काढायचा नाही. वरचं भोक बुजतं आणि घाण आत राहते. सरळ डॉक्टर. सिस्टर? पाणी देऊ का?"

सिस्टरबाई वहीकडे बघत होत्या. सैल कपडे. पट्ट्या. मीठ, मूठ मूठ. उकळलेलं पाणी, लहान पातेलं, कडेची पांढरी रेघ. हे सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने महिनाभर रोजनिशीत लिहिलं होतं, तारीखवार, एक गोष्ट न गाळता. फक्त दुसऱ्याच माणसाच्या नावावर लिहिलं होतं.

घरी आल्या तेव्हा नात स्वयंपाकघरात होती. गॅसवर लहान पातेलं. आजीला पाहून तिने पटकन झाकण ठेवलं.

"शर्ट वर कर," सिस्टरबाई म्हणाल्या.

"काय?"

"शर्ट वर कर."

बेंबीच्या वरच्या घडीत एक बारीक वाकडी कांडी होती, दोन्ही टोकांना मणी. सभोवतालची कातडी लाल, सुकलेली, भेगा पडलेली. वरच्या टोकाशी पिवळसर ओल. सिस्टरबाई चष्मा सावरून, खाली वाकून, न शिवता बराच वेळ बघत राहिल्या.

"पाचशेवाला?"

"हो. एकोणीस ऑगस्टला. मैत्रिणीबरोबर. तिची छान आहे." पोरीने शर्ट तसाच वर धरला होता. "माझीच अशी झाली. साडेतीन हजारवाला नीट करून देतो म्हणे, म्हणून तुला विचारत होते. म्हटलं, तू काय म्हणतेस ते बघू आणि मग सांगू. तू पाणीच प्यायलीस."

"मीठ किती घालतेस?"

"मूठभर."

"आणि काल सकाळी?"

पोरीने शर्ट खाली ओढला.

"काल सकाळी तू दाराआड होतीस."

"होते."

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"सगळं?"

"सगळं. किल्ली निघत नव्हती तेसुद्धा." आता ती रडायलाच लागली. "मी बाहेर येणार होते, आजी. खरंच येणार होते. भीती वाटली."

"कोणाची? बाईंची?"

"तुझी."

सिस्टरबाईंनी गॅस बंद केला. बोलायला पुष्कळ होतं. दोन वाक्यं जिभेच्या टोकापर्यंत आली आणि दोन्ही एखाद्या वॉर्डबॉयला सुनवावीत तशी होती. त्या म्हणाल्या, "चपला घाल. डॉक्टर सातपर्यंत असतात."

डॉक्टरांनी कांडी तशीच ठेवली, मलम आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, आणि मीठ आठवडाभर पूर्ण बंद करायला सांगितलं. दोघी चालत परत आल्या. जिन्याच्या पहिल्या पायरीवर नात म्हणाली, "मावशींकडे मी जाते उद्या."

"दोघी जाऊ," सिस्टरबाई म्हणाल्या. "तुझं तू बोल. माझं मी."

पत्ता त्यांच्याकडे होता. बाईंना कामावर ठेवलं त्या दिवशीच्या पानावर, अकरा वर्षांपूर्वी, स्वच्छ अक्षरात लिहून ठेवला होता. अकरा वर्षांत त्याचा उपयोग करायची वेळ आली नव्हती. अर्ध्या तासाचा रस्ता, मग एक गल्ली, मग लोखंडी जिना, वर एकच खोली. बाई इस्त्री करत होत्या. दारात या दोघींना पाहून त्यांनी इस्त्री उभी केली आणि एकुलत्या एका खुर्चीवरचे कपडे उचलले.

"बसा, सिस्टर."

सिस्टरबाई बसल्या आणि बसल्याबरोबर काहीतरी आठवून पुन्हा उठल्या. "मी उभी ठीक आहे."

नात सांगायला लागली. अर्ध्यातच बाईंनी हात वर केला. "मला माहीत आहे गं. तीन आठवडे कचऱ्याच्या पिशवीत पट्ट्या दिसताहेत. पहिल्या आठवड्यातच तुला म्हटलं होतं ना, आजीला सांगून टाक? तू म्हणालीस, सांगते. केव्हा सांगणार होतीस, बेंबी गळून पडल्यावर?"

पोर रडता रडता हसली आणि मग नुसतीच रडली.

"तुम्हाला माहीत होतं," सिस्टरबाई म्हणाल्या. "गुरुवारी, मी बरणी पुढे ठेवली तेव्हा. मग बोलला का नाहीत?"

"पोट तिचं. सांगायचं तिनं. मी चुगली करून माझं नाव धुवून घेऊ? आणि तुम्ही मला विचारलंत कुठे, सिस्टर? विचारायचं असतं तर म्हणाला असता, मीठ का संपतंय बरं? तुम्ही रेघ मारून, पुरावा घेऊन बसलात. तिथं मी काय बोलणार?"

सिस्टरबाईंनी दोन्ही हात एकमेकांत धरले. हे वाक्य त्यांनी कधी कोणाला म्हटलेलं नव्हतं. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "तुमच्याशी मी फार वाईट वागले. ही किल्ली आणलीय."

किल्ली पुढे केलेली तशीच राहिली. बाईंनी ती घेतली नाही.

"काल सकाळी तिसऱ्या मजल्यावर गेले," त्या सावकाश म्हणाल्या. "तिथल्या बाई दारातच म्हणाल्या, उद्यापासून नको. का, म्हटलं. तर म्हणाल्या, काही नाही, असंच. मी काय लहान आहे? पहिल्या मजल्यावर परवा कपाटाला कुलूप दिसलं. अकरा वर्षांत नव्हतं. तेव्हा माझ्याकडे चूक कबूल करून माझं काय होणार, सिस्टर? मला तर आधीपासूनच ठाऊक होतं की मी मीठ नेलं नाही. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा. आधी तिसऱ्या मजल्यावर जा. मग किल्लीचं बघू."

जिना उतरताना नात म्हणाली, "आजी, तिसऱ्या मजल्यावर काय सांगणार तू? माझ्या बेंबीचं?"

"तुझं नाव घेणार नाही. मी खोटा आळ घेतला, एवढं सांगायचंय."

"नाही," पोर म्हणाली. "अर्धं सांगितलंस तर ती बाई मधलं स्वतः भरेल. माझं नाव घे. मी पण येते."

दुपारी साडेतीनला दोघी तिसऱ्या मजल्यावर गेल्या. शेजारणीने दार अर्धं उघडलं. सिस्टरबाईंनी आत न जाता, दारातच, जिन्यात ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की बुधवारी मी जे बोलले ते चुकीचं होतं, बाईंनी माझ्या घरातून काडीही नेलेली नाही, मीठ आणि पट्ट्या माझ्या नातीने वापरल्या. नात म्हणाली, "हो. मी. बेंबीला." आणि पुरावा मागितला जाईल या तयारीने शर्टाच्या टोकाला हात लावून उभी राहिली.

"अगं बाई!" शेजारीण म्हणाली. आधी पोरीच्या पोटाकडे, मग सिस्टरबाईंकडे. "बरं झालं सांगितलंत. पण आता काय, सिस्टर, मी दुसरी बघितली. आजपासून आलीसुद्धा. तिला लगेच कशी नाही म्हणू? आणि तुम्हीच तर म्हणाला होतात, लक्ष ठेवा."

"म्हणाले होते," सिस्टरबाई म्हणाल्या.

"जाऊ दे ना. एक घर गेलं तर काय, त्यांना छप्पन्न मिळतील." आणि मग आवाज खाली आणून, उत्सुकतेने, "किती पडले गं?"

नात पायऱ्यांकडे वळली. दोघी खाली पहिल्या मजल्यावर गेल्या, तिथे घंटी वाजवली आणि तेच सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आणि मग समोरच्या दारी. तिथल्या आजोबांना कमी ऐकू येतं, म्हणून दोनदा.

बाईंकडे निरोप द्यायला नात एकटीच गेली. दीड तासाने परत आली. बाईंनी ऐकून घेतलं होतं, चहा दिला होता, मलम कसं लावतेस ते विचारलं होतं. किल्लीबद्दल काही म्हणाल्या नव्हत्या. सोमवारी येणार का, असं पोरीने विचारलं तेव्हा म्हणाल्या, बघते.

शनिवार, १६ सप्टेंबर. सकाळी का. बा. च्या घरी गेलो. दुपारी तिसरा मजला, पहिला मजला, दोन्ही दारं. नातीची दुसरी गोळी साडेआठला. फरशी मी पुसली. एक तास दहा मिनिटं लागली.